दहावीची सांख्यिकी आणि खरे आकडे: तुम्ही वर्गात काय वापरता?

खडूफळा

नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवतो. सांख्यिकी हे आमच्या पोरांचं लाडकं प्रकरण, कारण त्यात डोकं लागत नाही. वर्ग, वर्गमध्य, वारंवारता, गुणाकार, बेरीज, भागाकार. सारणी नीट आखली की मार्क खिशात. गृहीतमध्य पद्धत पाठ, मध्यप्रमाण विचलन पद्धत पाठ. शेवटी ३६.४ असं काहीतरी उत्तर येतं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या जातात. ३६.४ काय? रुपये, लिटर की माणसं? विचारलं की पोरं प्रश्न परत वाचायला लागतात.

प्रशिक्षणात सांगतात, खरी आकडेवारी आणा. आणली. तालुक्याची गावनिहाय लोकसंख्या घेतली आणि वृत्तालेख काढून घेतला. पुस्तकातल्या खोट्या आकड्यांइतकाच कंटाळा आला. नुसतं खरं असून भागत नाही, हे माझं आजचं मत. ज्या आकड्यांवर दोन माणसं दोन निष्कर्ष काढून भांडू शकतात तेच आकडे वर्गात चालतात. मध्य (म्हणजे सरासरी) एक सांगतो, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दुसरंच सांगतो, आणि 'मग खरं काय?' असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं. तिथून तास सुरू होतो.

माझं हुकमी उदाहरण देतो. १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा. गावसकर पहिली कसोटी खेळला नाही, पुढच्या चार खेळला. त्याचे आठ डाव असे:

६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०

एकूण ७७४ धावा. हे आठ आकडे फळ्यावर लिहायचे आणि काहीही न सांगता विचारायचं, 'याची सरासरी किती?' सगळे ८ ने भागतात, ९६.७५ येतं. मग सांगायचं की क्रिकेटच्या नोंदींत ती १५४.८० आहे. वर्ग पेटतो. कुणीतरी क्रिकेटवाला पोरगा सांगतो, 'सर, तीनदा नाबाद आहे, ५ ने भागा.' बरोबर. आता पुढचा प्रश्न: या आठांपैकी किती डाव १५४.८० च्या वर आहेत? फक्त एक. जी 'सरासरी' आठातल्या सात डावांत गाठलेली नाही, ती सरासरी कसली?

मग चढत्या क्रमाने लावायचं: १, ६४, ६५, ६७, ११६, ११७, १२४, २२०. मध्यक ६७ आणि ११६ च्या मधोमध, म्हणजे ९१.५. पण ९१ च्या आसपास तो एकदाही बाद झालेला नाही, त्या भागात एकही डाव नाही. बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) तर नाहीच. म्हणजे एकाच माणसाच्या आठ डावांना तीन वेगळे 'मधले' आकडे मिळतात आणि तिन्ही कुठेतरी लंगडे आहेत. यावर मी गृहपाठ देतो: गावसकर त्या दौऱ्यात कसा खेळला ते तीन वाक्यांत लिहा. आकडा एकच वापरायचा, आणि तोच का निवडला ते सांगायचं.

तुमच्याकडे अशी आणखी उदाहरणं असतील तर द्या. एक अट आहे, इंटरनेट नसलेल्या वर्गात फळ्यावर मावली पाहिजेत.

रिकामटेकडा

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

ब्रॅडमन पण घ्या की. ६९९६ धावा, ८० डाव, १० वेळा नाबाद, सरासरी ९९.९४. शेवटच्या डावात शून्यावर गेला. किती धावा काढल्या असत्या तर बरोबर १०० झाली असती? ७० × १०० = ७०००, म्हणजे फक्त ४. हे गणित सहावीतलं पोर तोंडी करतं.

मीराताई

सर, लेख आवडला, पण थोडं खटकलंही. मी मुलींच्या शाळेत शिकवते. क्रिकेट म्हटलं की निम्म्या वर्गाचे डोळे मिटतात. उरलेल्यांना नियम आधीच ठाऊक असतात, म्हणून तेच बोलतात. स्मृती मानधना सांगलीची आहे म्हणून आमच्याकडे थोडी तरी ओढ आहे. पण नाबाद म्हणजे काय, डाव म्हणजे काय हे समजावण्यातच तासिका संपते. आणि शेवटी बोर्डाच्या पेपरात गावसकर येत नाही, सारणीच येते. पालक तेच विचारतात.

खडूफळा

ताई, क्रिकेटचा मुद्दा मान्य. ते माझ्या वर्गाला चालतं म्हणून लिहिलं. सारणीला माझा विरोध नाही. सारणी मी आधीच घोटून घेतो, हे सगळं त्यानंतर. एक दिसलं की अशा तासानंतर मध्यकाचं सूत्र लिहिताना पोरं उत्तर 'मध्यक वर्गात' पडतंय का ते आपणहून तपासतात. मध्यक वर्ग ४०–५० आणि उत्तर ७३, असल्या वह्या कमी झाल्या. पालकांना मी एवढंच सांगतो.

निफाडकर

मी शिक्षक नाही, कांदा उत्पादक. पोरगी दहावीला आहे म्हणून धागा उघडला.

सर, तुम्ही नाशिक जिल्ह्यात आणि उदाहरण आणलं वेस्ट इंडीजचं? रोज सकाळी बाजार समितीचे भाव येतात ते बघा. आवक किती, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, सगळं प्रति क्विंटल. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज असतं, पेपरातही येतं. आमच्या घरातलं प्रत्येक पोर हे वाचतं. पण शाळेतल्या 'बहुलका'शी त्याचा संबंध आहे हे मला पोरीचं पुस्तक चाळताना कळलं. सर्वसाधारण दर म्हणजे कमाल-किमानची बेरीज करून दोनने भागलेलं नसतं. बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला तो.

लिलाव गाडीगणिक होतो. समजा २० ट्रॉल्या आल्या. ७ गोल्टीच्या (बारीक कांद्याच्या), ८०० ने गेल्या. १२ बऱ्या मालाच्या, १५०० ने. एक एकदम निवडक, ती २६०० ला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? 'कांद्याला २६०० चा भाव.' वाचणाऱ्याला वाटतं शेतकऱ्याची चांदी झाली. मुहूर्ताच्या (हंगामातल्या पहिल्या) सौद्याचे भाव तर विचारूच नका, हार घालून फोटो काढतात.

खडूफळा

निफाडकर दादा, नमस्कार! हे उद्याच वर्गात घेतो. तुमच्याच ट्रॉल्या मांडून बघितल्या:

मध्य = (७×८०० + १२×१५०० + १×२६००) ÷ २० = २६२०० ÷ २० = १३१०
मध्यक = १५००
बहुलक = १५००
कमाल-किमानचा मधला आकडा = १७००

पुस्तकात बहुलकाचं उदाहरण असतं चपलांच्या मापाचं किंवा शर्टाच्या साइझचं. तिथे मुलांना पटत नाही की हा तिसरा आकडा हवा कशाला. इथे लगेच पटेल. बाजारात जाण्याआधी शेतकऱ्याला काय कळायला हवं? 'माझ्यासारख्या मालाला बहुधा काय मिळेल?' हाच प्रश्न. आणि २० ट्रॉल्यांमध्ये मिळून गावात पैसा किती आला हा प्रश्न असेल तर १५०० चा उपयोग नाही, मध्यच लागतो. अर्थात प्रत्येक ट्रॉलीत सारखाच माल आहे असं धरून.

निफाडकर

तो सारखा नसतोच. वजनकाट्याची पावती घ्या, प्रत्येक गाडीचं वजन त्यावर असतं. पोरांना भाव गुणिले वजन करायला लावा, म्हणजे वारंवारतेच्या जागी क्विंटल आले. जुन्या पावत्या आमच्या घरात पोतंभर आहेत, नावं फाडून देतो.

अंशछेद

महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. गावसकरच्या उदाहरणावर थोडं लांबण लावतो.

'५ ने का भागायचं' याला क्रिकेटवाले 'नियमच तसा आहे' असं उत्तर देतात. पण त्यामागे चांगलं संख्याशास्त्र आहे. नाबाद ११७ चा अर्थ तो डाव ११७ धावांचा होता असा नाही. डाव किमान ११७ चा होता, पुढे काय झालं असतं ते आपल्याला दिसलं नाही. अशा अपुऱ्या राहिलेल्या नोंदी सगळीकडे येतात. १० दिवे हजार तास लावून ठेवले, ६ गेले, ४ अजून चालू आहेत. सरासरी आयुष्य काय? चालू असलेले चार दिवे वगळले तर सगळ्यात टिकाऊ दिवेच हिशेबातून गेले. त्यांचं आयुष्य हजार तासच धरलं तरी आकडा कमी येतो. म्हणून सगळ्या दहांचे तास मिळवायचे आणि गेलेल्या ६ ने भागायचं. औषधाच्या चाचणीत रुग्ण किती काळ जगले हे काढतानाही मूळ अडचण हीच असते. क्रिकेटची सरासरी हेच करते: सगळ्या धावा भागिले बाद झालेले डाव.

यात एक गृहीत लपलेलं आहे. दिवा कोणत्याही क्षणी जाण्याची शक्यता सारखीच असावी लागते. फलंदाजाच्या बाबतीत ते खरं नाही. नजर बसेपर्यंत तो जास्त वेळा बाद होतो, बसल्यावर कमी. शिवाय पाचच वेळा बाद झालेल्या माणसाचा अंदाज डळमळीतच असणार. म्हणून १५४.८० हा आकडा चुकीचा नाही, पण त्यावर फार विसंबूही नये. सचिनच्या ३२९ डावांत ३३ नाबाद, १५९२१ धावा, म्हणजे २९६ ने भागून ५३.७८. तिथे हा आकडा बराच स्थिर असतो. दहावीला हे सगळं सांगायची गरज नाही. 'नाबाद म्हणजे गोष्ट अर्धवट राहिली' एवढं मात्र सांगा.

अवांतर: सरासरीवरून मोठी माणसंही भांडली आहेत, आणि तीही पुण्यात. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी गरिबी मोजताना माणशी रोज २२५० कॅलरी ही रेघ धरली. पां. वा. सुखात्मे (मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जागतिक अन्न व कृषी संघटनेत मोठ्या पदावर होते) यांचा आक्षेप असा, की ही सरासरी गरज आहे. धडधाकट माणसांतही काहींची गरज सरासरीहून कमी असतेच. सरासरीखालच्या सगळ्यांना उपाशी म्हटलं तर उपाशी माणसं फुगवून मोजली जातात. त्यांच्या मते रेघ सरासरीपासून दोन प्रमाणित विचलनं (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप) खाली हवी होती. त्यावर उलट टीकाही खूप झाली, कारण रेघ खाली आणली की गरीबही कागदावर कमी होतात. अकरावीला प्रमाणित विचलन शिकवताना मी या वादापासूनच सुरुवात करायचो. प्रमाणित विचलन कशाला लागतं हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

रिकामटेकडा

अंशछेद सर, वेगळा धागा काढा या वादावर. हात जोडून विनंती.

मीराताई

+१

कांद्याचं उदाहरण माझ्या शहरी मुलींनाही चालेल, भाजी सगळ्यांच्याच घरी येते.

दोन_थेंब

पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फळ्यावर दोनच आकडे लागतात. २६ जुलै २००५, मुंबई. सांताक्रूझ ९४४ मिमी, कुलाबा ७३ मिमी. शहर एक, दिवस एक. 'त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला?' सरासरी काढली तर ५०० च्या वर जाते, आणि त्या दोन्ही ठिकाणी तेवढा पाऊस पडलेला नाही. मुलं लगेच म्हणतात, आणखी ठिकाणचे आकडे पाहिजेत. इथे नमुना हा शब्द न उच्चारता नमुन्याची चर्चा होते.

ग्रामीण शाळेसाठी आणखी जवळचं उदाहरण. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीच्या मदतीचा हिशेब त्यावर चालतो. मंडळात गावं अनेक, पर्जन्यमापक एखादाच. शेजारच्या गावात ओढा रस्त्यावर आला आणि मंडळाच्या नोंदीत ५८ मिमी, असं होऊ शकतं. मुलांनी आपापल्या वस्तीत मोजायला सुरुवात केली तर? सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी ८:३० ला पट्टी बुडवून मिमी मोजायचे (हवामान खात्याचा पावसाचा दिवस ८:३० लाच संपतो). डब्याचा व्यास काहीही असला तरी चालतो, हे मुलांना पटवून देताना घनफळाचं प्रकरणही होऊन जातं. बाटली कापून घेतली तर मात्र खाली निमुळती नको.

हडसनकाठी

न्यू जर्सीत हायस्कूलला गणित शिकवते. इथे एपी स्टॅटिस्टिक्स म्हणून कॉलेजच्या पातळीचा विषय हायस्कूललाच आहे, १९९७ पासून परीक्षा होते. तिथे नुसता आकडा लिहून पूर्ण गुण मिळत नाहीत. उत्तर संदर्भासह वाक्यात लिहावं लागतं: कशाचा मध्य, कुणाचा, त्यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही. खडूफळा सरांनी दिलेल्या 'तीन वाक्यं लिहा' या गृहपाठाला इथे अख्ख्या वर्षाचा घाम लागतो. मुलांना गणित जमतं, वाक्य जमत नाही. तुमच्याकडे बोर्ड विचारत नसलं तरी ते सोडू नका.

इंटरनेटशिवाय चालणारा माझा आवडता प्रयोग: मुलांनी डोळे मिटायचे. तुम्ही 'सुरू' म्हणायचं. ३० सेकंद झाले असं वाटलं की प्रत्येकाने हात वर करायचा आणि डोळे उघडून घड्याळातला वेळ टिपायचा. मग सगळ्यांना मैदानात नेऊन २०–२५, २५–३०, ३०–३५ असे चुन्याचे पट्टे आखून त्यांत एकामागे एक उभं करायचं. आयतालेख (हिस्टोग्राम) अंगानेच तयार होतो. एखादं टारगट पोर ७० सेकंद डोळे मिटून बसतं, तेव्हा मध्य कुठे सरकतो आणि मध्यक कसा जागचा हलत नाही हे सगळ्यांना दिसतं.

पालक_एक

एक विनंती. वर्गातल्या मुलांचीच माहिती गोळा करताना जरा विचार करा. माझ्या मुलीच्या शाळेत 'खरी आकडेवारी' म्हणून सगळ्यांची वजनं फळ्यावर लिहिली. ती दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. वजन, घरचं उत्पन्न, घटक चाचणीचे गुण यांची उदाहरणं पुस्तकात ठीक, वर्गातल्या मुलांवर नकोत.

खडूफळा

शंभर टक्के अनुमोदन. मीही एक नियम पाळतो: जो आकडा सांगताना एखाद्या पोराला मान खाली घालावी लागेल तो मागायचाच नाही. विजेच्या बिलाचं उदाहरण मला फार आवडतं, पण तेही मी पोरांकडून मागत नाही, शिक्षकांच्या खोलीतूनच बिलं जमवतो. त्यात स्लॅब असतात ना: १–१००, १०१–३००, ३०१–५००, ५०० च्या वर. खंडित वर्ग, तेही असमान लांबीचे, आणि शेवटचा वर्ग उघडाच. पुस्तकात सगळे वर्ग १०–१० चे शिस्तीत उभे असतात, इथे नाहीत. २०० युनिट रुंदीचा स्तंभ १०० रुंदीच्या शेजारी काढायचा तर उंची काय धरायची, यावर एक अख्खा तास जातो. आयतालेखात क्षेत्रफळ मोजायचं असतं, हे तेव्हा कुठे पक्कं होतं.

हडसनकाठी ताई, चुन्याचे पट्टे उद्या परवानगी मिळाली तर उद्याच.

मीराताई

खडूफळा सर, माझ्याकडूनही एक. जनगणनेची आकडेवारी मोठी म्हणून सगळे घाबरतात, पण २०११ चा एक तक्ता आहे, सी-१३, एकेका वर्षाच्या वयानुसार लोकसंख्या. महाराष्ट्राची फाइल जनगणनेच्या संकेतस्थळावर एक्सेलमध्ये मिळते. २५ ते ५० वयाचे आकडे तेवढे फळ्यावर लिहिले आणि मुलींना स्तंभालेख काढायला लावला. काढता काढता गलका झाला: ३०, ३५, ४०, ४५ ला उंचच उंच स्तंभ आणि मधले सगळे बुटके. 'मॅडम, ३१ वर्षांची माणसं गेली कुठे?' कुणी म्हणालं साथ आली असेल, कुणी म्हणालं गाव सोडून गेली असतील. शेवटी एक मुलगी म्हणाली, 'आमची आजी पण साठच सांगते, गेली चार वर्षं.' माणसं वय पाचाच्या पाढ्यात सांगतात. आकडेवारी सरकारी आणि खरी, तरीही तिच्यात बोलणाऱ्याची सवय उतरलेली.

अंशछेद

फार छान. याचं मोजमाप करणारा निर्देशांकही आहे, व्हिपलचा. २३ ते ६२ या वयांतली माणसं घ्या. त्यांत शेवटी ० किंवा ५ असलेल्या वयाची किती ते पाहा, तो आकडा पाचपट करा, एकूण संख्येने भागा आणि १०० ने गुणा. सगळ्यांनी वय बरोबर सांगितलं तर उत्तर १०० च्या आसपास. सगळ्यांनी गोल सांगितलं तर ५००. दहावीला सहज जमेल. मग गावाच्या मतदार यादीतल्या वयांचा निर्देशांक आणि जनगणनेतला राज्याचा निर्देशांक अशी तुलना करता येईल.

वय नक्की करायला प्रगणक जुन्या घटना विचारतात. आपल्याकडे पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), १९७२ चा दुष्काळ. 'भूकंपात तुम्ही केवढे होता?' असं विचारलं की वय बरंच अचूक निघतं. मुलींना आजी-आजोबांकडे हे प्रश्न घेऊन पाठवा आणि आधी सांगितलेलं वय व नंतर निघालेलं वय यांतला फरक मांडायला लावा.

दोन_थेंब

मग याच तक्त्याचे वर्ग ३०–३४, ३५–३९ असे पाडायचे की २८–३२, ३३–३७? पहिल्यात सगळा ढीग वर्गाच्या सुरुवातीला बसतो, आणि आपण वर्गमध्य धरतो ३२. दुसऱ्यात ढीग बरोबर मध्यावर येतो.

मीराताई

दुसरा. पण २८–३२ असा वर्ग पाडलेला पाहिला की आमचे मुख्याध्यापक विचारणार, 'हे कोणत्या पुस्तकात आहे?'

खडूफळा

दोन्ही पाडून घ्या ताई, आणि दोन्हींचा मध्य काढून शेजारी शेजारी लिहा. मुख्याध्यापकांना फरक मुलींनाच समजावू द्या. आणि ती आजीवाली मुलगी पुढे बसवा.